कापसाच्या खोलीत मला कोणी पाठवलं

माय, तुला हे लिहून काही उपयोग नाही, कळतं मला. तू जिवंत होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे, आणि पुढे काही वाईट आहे अशी शंका आली की तू मध्येच हात करायचीस, "बस, राहू दे पुढचं." हे पत्र मी तुला समोर बसवून शेवटपर्यंत वाचून दाखवलं असतं, उठू दिलं नसतं. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. का नाही रागवायचं? मेलं म्हणजे केलेलं सगळं धुऊन निघालं का? काल आर्णीकडच्या एका खेड्यातून एसटीनं परत येत होते तर माझं डोकं असं तापलेलं की शेजारच्या बाईनं विचारलं, "बाई, बरं नाई वाटून राह्यलं का तुमाले?" मी म्हटलं, "बरी हाय. मायवर रागावली हाय." ती हसली. तिला वाटलं, सकाळी घरी भांडून निघाले असेन.

ते कालचं सांगतेच, पण आधी तुझ्या घरचं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. बाबांनी हट्ट धरला की भाव येईपर्यंत मूठभरही विकणार नाही, आणि मधली खोली छातीएवढ्या उंचीपर्यंत कापसानं भरून गेली. आपण चौघं ओसरीत झोपायचो आणि रात्रंदिवस अंग खाजवायचो. लहानीनं तर खाजवून खाजवून पोटऱ्या रक्ताळून घेतल्या होत्या. घरात एकच कायदा होता: त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत विस्तव न्यायचा नाही. बाबा आल्यागेल्याची बिडी अंगणातच विझवायला लावत. अंधार पडल्यावर आतलं काही लागलं तर बॅटरी घेऊन जायचं, नाही तर सकाळची वाट पाहायची. हे तुला माहीत होतं. आपल्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

दिवेलागणीची वेळ आहे. लाइन गेली आहे, बॅटरीचे सेल संपलेत. तू चुलीपुढे बसली आहेस, हाताला ज्वारीचं पीठ. म्हणतेस, "जा व, आतून तेलाची बरणी आण. भाजीले तेल नाई." मी म्हणते, "अंधार हाय नं माय." तू मान वर न करता म्हणतेस, "मंग चिमणी ने. बह्याड हाय का? दोन मिन्टाचं काम हाय." मी सोळा वर्षांची, दिव्याच्या बाबतीत तुझ्याहून जास्त घाबरट, पण तू सांगितलं म्हणून रॉकेलची चिमणी हातात घेतली. बरणी पलीकडच्या फळीवर होती. कापसावर चढल्याशिवाय हात पोचत नव्हता. गुडघा खचला, चिमणी कलली. कापूस पेटताना आवाज करत नाही, माय. एका श्वासात सगळा वरचा थर पेटला आणि त्याच्या मधोमध मी, अंगावर नायलॉनचा ड्रेस घालून.

तू मला बाहेर ओढलंस. तुझेही तळवे भाजले. हे मी नाकारत नाही, एवढं तरी खरं लिहिते. बाबा आणि शेजारपाजारचे विहिरीवरून पाणी आणून कापसावर ओतत होते, आणि तू माझ्या मानेला, गालाला, हाताला दात घासायची पेस्ट फासलीस, ओसरीतल्या गाठोड्यातला पांढराशुभ्र कापूस काढलास, घाईघाईनं सरकी उपटलीस आणि तो माझ्यावर थापून बाबांच्या जुन्या धोतरानं बांधलास. दवाखान्यात जखमेला कापूस लावतात, तू पाहिलं होतंस. वावरातला कापूस आणि दवाखान्यातला कापूस तुझ्या लेखी एकच. यवतमाळच्या दवाखान्यात सिस्टर आठ दिवस मिठाच्या पाण्यानं भिजवून भिजवून एकेक तंतू चिमट्यानं सोडवत होती. एक दिवस मानेतून सरकी निघाली. सिस्टरनं ती तुझ्यापुढे धरली, "हे काय, पेरणी केलती का पोरीवर?" तू खाली पाहिलंस. त्याचा राग नाही मला. ते अडाणीपण होतं, आणि अडाणीपणाचा राग मी केव्हाच सोडला. आता मीच गावोगाव सांगत फिरते की भाजल्यावर साधं पाणी टाका, भरपूर वेळ टाका, पेस्ट नको, शाई नको आणि कापूस तर अजिबात नको. बाया माझा चेहरा पाहून ऐकतात.

राग पुढचा आहे. दुसऱ्या दिवशी पोलीस जमादार आला आणि विचारू लागला, कसं झालं. माझे ओठ सुजून भाकरीएवढे झालेले, डोळे मिटलेले. माझ्या वतीनं तू बोललीस. "साहेब, मी तं सैपाकात होती. पोट्टी कवा गेली, काहून गेली, मले काई मालूम नाई." डोळे मिटले होते गं, कान नव्हते मिटले. मला वाटलं, भ्यायली आहे, घरी गेली की सांगेल. घरी जाऊन काय सांगितलंस? काही नाही. गावात मात्र लोकांनी सांगायला सुरुवात केली. एवढी शहाणी पोरगी, सगळ्या गावाला ठाऊक असलेला कायदा मोडून दिवा घेऊन कापसात कशाला जाईल? "जाळून घेतलं व पोट्टीनं. कोणी पोट्टा असन." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी दवाखान्यातून आले तेव्हा त्या पोट्ट्याची जात, गाव, सगळं ठरलेलं होतं, फक्त तो जन्माला यायचा बाकी होता. तुझ्या एका वाक्यानं सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. "म्याच पाठवली होती." तीन शब्द, माय.

तुला बाबांची भीती होती. मान्य. कापूस आतल्या आत तीन दिवस धुमसत होता आणि बाबा त्याच्यासमोर न जेवता बसून होते. त्या माणसाला त्या दिवसांत काही सांगणं सोपं नव्हतं. पण बाबा तुझ्याआधी चार वर्षं गेले. त्या चार वर्षांत तुला कोणाची भीती होती? तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी महिनाभर येऊन राहिले, तुझं हगणंमुतणं केलं. एका दुपारी सरळ विचारलं, "माय, चिमणी घेऊन मले कोणं पाठवलं होतं?" तू भिंतीकडे तोंड केलंस. "झालं ते झालं. कायले उकरून राह्यली आता?" उकरून! जसं काही ते कुठं पुरलेलं होतं. ते माझ्या तोंडावर होतं, माय, चोवीस तास, सगळ्यांना दिसेल असं.

आणि लहानीच्या वेळेस केलंस ते? मी एकवीस वर्षांची होते. घाटंजीचे पाहुणे तिला पाहायला यायचे होते. सकाळी तू मला परसात बोलावलंस, माझा दुपट्टा स्वतःच्या हातानं नाकापर्यंत ओढलास आणि म्हणालीस, "तू जरा कोठ्यात बसजो. झाकली मूठ सव्वा लाखाची." ही तुझी लाडकी म्हण. ती मूठ म्हणजे मी, हे मला त्या दिवशी कळलं. मी कोठ्यात गव्हाणीला टेकून बसले. कोठा आणि बैठक यांच्यात एक मातीची भिंत, तिला वर बोटभर फट. कपबशा वाजल्या, लहानीच्या पाटल्या वाजल्या. मुलाची आई विचारते, "तुमाले पोरी किती?" आणि तू म्हणतेस, "एकच. देवानं एकच देल्ली." बाबा खोकले. बैल माझ्याकडे पाहत रवंथ करत होता आणि मी त्याच्या गळ्यातली घंटी घट्ट धरून ठेवली होती, वाजू नये म्हणून. बघ माझी अक्कल! तुझं खोटं उघडं पडू नये याची काळजी मीच घेत होते.

लग्नाच्या वेळी मला महिनाभर राळेगावला मामाकडे धाडलंस. मामी लग्नाचे लाडू घेऊन आली तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "कोणाचं लग्न झालं?" ती बिचारी रडायला लागली. लहानीला मी पुढे समोरासमोर सगळं बोलून घेतलं, तिचा हिशेब मिटला. तुझा मिटला नाही, कारण तू कधी समोर उभीच राहिली नाहीस.

त्याच वर्षी माझी बोटं मोकळी करायचं ऑपरेशन झालं आणि वॉर्डात मला ताई भेटली. तिचं अर्धं तोंड माझ्यासारखंच. आली, खाटेवर बसली, डबा उघडला आणि म्हणाली, "जेवतं का? मले एकटीनं जेवाले करमत नाई." इतक्या वर्षांत माझ्याकडे पाहत पाहत जेवलेलं ते पहिलं माणूस. मी घर सोडलं आणि तिच्यासोबत राहिले. आज आम्ही आठ-नऊ जणी आहोत, सगळ्या जळालेल्या, आणि एक जळालेले मास्तर. दर सोमवारी वॉर्डात जातो. नव्या पेशंटला आरसा कधी द्यायचा, मानेखाली उशी का ठेवायची नाही, घरी गेल्यावर लोक काय बोलतील आणि त्यांना काय बोलायचं, हे आम्ही सांगतो, कारण ते आमच्या अंगावर लिहिलेलं आहे. अपंगत्वाच्या कागदांसाठी भांडतो. एका हापिसात साहेब ताईला म्हणाले, "हात चालते, पाय चालते, मंग तुमी अपंग कायच्या?" ताईनं तोंडावरचा पदर बाजूला केला, टेबलावर वाकली आणि विचारलं, "साहेब, मंग मले तुमच्या हापिसात ठेवा नं. रोज तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसते." साहेबांनी फाइल मागवली. अशा वेळी मला फार बरं वाटतं.

आता ती आर्णीकडच्या खेड्यातली पोरगी. पंधरा वर्षांची. उकळत्या पाण्याचा गंज, मोठं पातेलं, अंगावर सांडून मान आणि छाती भाजली. बरं होता होता कातडी आवळत गेली आणि हनुवटी खाली ओढली गेली. तिला समोरच्या माणसाकडे पाहायचं तर कमरेतून मागे वाकावं लागतं. खालचा ओठ मिटत नाही, वरण ओघळतं. डॉक्टरांनी सांगितलं, जितका उशीर तितकी मान वाकडीच राहील. खूप खेटे घालून आम्ही तिच्या ऑपरेशनची तारीख मिळवली, आजच्या सोमवारची. आणि तिची आई नाही म्हणाली. का? मोठ्या मुलीची सोयरीक चालू आहे, पाहुणे येऊन राहिले, अशात दोन महिने दवाखान्याच्या चकरा नकोत. पाहुण्यांनी या पोरीबद्दल विचारलं तर ती सांगत होती, "माह्या बहिणीची पोट्टी हाय, शाळेसाठी राह्यते."

हे ऐकलं आणि मी सुटले, माय. मागच्या आठवड्यात तिच्या दारात उभी राहून ओरडले, "तुमी माय हाय का वैरीण?" तिनं माझ्या तोंडावर दार लावलं. आतून म्हणाली, पुन्हा या घरी येऊ नका. परत आल्यावर ताईनं मला अशी झापली की काही विचारू नको. "राग तुह्या मायवर, अन् खापर तिच्या डोक्यावर फोडून आली? ही तारीख गेली तं पुढची कवा भेटन, देवाले माईत. तुह्या रागापायी त्या पोट्टीची मान वाकडी राह्यली तं कोण जिम्मेदार?" रात्रभर तुला शिव्या दिल्या आणि काल, रविवारी, पहिल्या गाडीनं पुन्हा गेले.

ती ओट्यावर सुपात तूर निवडत होती. शेजारणी पाहत होत्या म्हणून तिनं मला बस म्हटलं, पाणी दिलं, चहा विचारला नाही. मी आधी हात जोडले, त्या दिवसाबद्दल माफी मागितली. मग तुझी गोष्ट सांगायला घेतली. तुझी लक्तरं वेशीवर टांगायची, हे ठरवूनच गेले होते. तिला दाखवायचं होतं की अशा आईची मुलगी पुढे आईबद्दल काय बोलत फिरते. कापसाची खोली सांगितली, चिमणी सांगितली, सरकी सांगितली. कोठा सांगितला. मुलाच्या आईनं विचारलं, पोरी किती, इथपर्यंत आले आणि तिचे तुरीतले हात थांबले.

"मंग? काय सांगतलं तुमच्या मायनं पाव्हण्यायले?"

तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, ती कशाची वाट पाहत होती. मी "एकच" म्हणाले असते तर तिला हायसं वाटलं असतं. सगळ्याच आया असंच करतात, मग मी केलं तर काय बिघडलं. आणि अर्ध्या लोटलेल्या दाराआड ती पोरगी उभी होती, कमरेतून मागे वाकून माझ्याकडे पाहत, कान देऊन. कोठ्यात मी होते तशी.

मी म्हटलं, "माही माय उठली. कोठ्यात आली. माह्या तोंडावरचा दुपट्टा काढला, हाताले धरून मले बैठकीत नेलं अन् म्हणाली, ही माही मोठी. चिमणी घेऊन कापसात मीच पाठवली होती हिले. चूक माही हाय, पोरीची नाई. चालत असन तं चहा घ्या, नाई तं रामराम."

असं घडाघडा बोलले, जणू काल घडलं. तुझा आवाजही तसाच काढला, तुझं ते "चालत असन तं" पण. बाईनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मोडली असन सोयरीक." मी म्हटलं, "नाई. चहा पेले अन् तारीख काढून गेले." ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "लय हिमतीची बाई होती व तुमची माय." मी मान हलवली. काय करणार होते? थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "इचं बी तसंच हाय. गंज म्याच उचलाले लावला होता इले. इच्या बापाले मालूम नाई." दार वाजलं. पोरगी बाहेर आली आणि आईला चिकटून बसली. बाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "येते उद्या घेऊन. पाव्हणे आले तं येऊ दे, सांगीन."

आणि आज ती आली, माय. सकाळच्या गाडीनं, पोरीला घेऊन, नवराही सोबत. वॉर्डात डॉक्टरीणबाईनं फॉर्म भरताना विचारलं, कसं झालं. मी बाजूलाच होते. नवरा तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "म्याच गंज उचलाले लावला होता, बाई. पोट्टीची चूक नाई." नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ती डगमगली नाही. आभाळ कोसळलं नाही, नवऱ्यानं मारलं नाही, डॉक्टरीणबाईनं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. इतकं सोपं होतं! एका बाईला एका दिवसात जमलं. तेही तुझं नाव ऐकून, जिला आगीनंतर मरेपर्यंतच्या सतरा वर्षांत जमलं नाही तिचं! मला आनंद व्हायला हवा होता. ताई आनंदानं माझ्या पाठीवर थापा मारत होती आणि मी व्हरांड्यात जाऊन भिंतीवर मुठी आपटत रडत होते. त्या गावात तू आता मोठी हिमतीची बाई झालीस. आठवडी बाजारात तुझी गोष्ट फिरेल, कोणी आपल्या सुनेला सांगेल, कोणी लेकीला. फुकटात, माय. काही न करता. जे वाक्य तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं म्हणून मी तुझ्या मरणापर्यंत ताटकळले, ते मला स्वतःच बोलावं लागलं, परक्या बाईच्या ओट्यावर, तुझा आवाज काढून.

मी तुला माफ केलेलं नाही, हे नीट ऐकून ठेव. त्या पोरीची मान सरळ झाली तरी करणार नाही. ताईला मी सगळं खरं सांगितलं, खोटं बोलले ते पण. ती म्हणाली, "कामासाठी बोलली, पाप नाई." ताईला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते, आणि हा कागद कोणाला दाखवणार नाही. काल बाई रडायला लागली, उद्या येते म्हणाली, तिथेच माझं काम झालं होतं. उठून गाडी धरायची होती. पण मी उठले नाही, बोलतच राहिले. पाहुणे गेल्यावर तू मला मांडीशी बसवलंस, माझ्या मानेला तेल लावलंस आणि लावता लावता म्हणालीस, "दुखलं का व बाई?" असंही मी सांगितलं. ते तिच्यासाठी नव्हतं.